आरोग्याचं ॲप बनवताय? आधी पैसे कोण देणार ते ठरवा

कॅलरी मोजणारी, पावलं मोजणारी, 'पाणी प्या' म्हणून दिवसभर टुणटुण करणारी ॲप्स प्ले स्टोअरवर ढिगाने पडली आहेत. बंगळुरूचं हेल्थिफायमी २०१२ पासून या धंद्यात आहे. मायफिटनेसपाल हे ॲप अंडर आर्मर कंपनीने २०१५ मध्ये ४७.५ कोटी डॉलरना घेतलं आणि २०२० मध्ये ३४.५ कोटींना विकलं. वापरणारे कोट्यवधी असले तरी पैसे आपोआप येत नाहीत, एवढं यावरून कळतं. तेव्हा 'आपणही तसंच करू, फक्त मराठीत' हा विचार सोलापुरात बसून ॲप बनवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सोडावा. मराठी भाषांतर मोठी कंपनी मनात आणलं तर आठवडाभरात करून टाकेल.

तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही: इथली माणसं कशी जगतात याची माहिती. अशोक चौकात, जुळे सोलापुरात, होटगी रोडला अशी कितीतरी घरं आहेत जिथे आईवडील इथे आणि मुलं पुण्याला, हैदराबादला किंवा बंगळुरूला. रात्री फोन होतो. "आई, बीपीची गोळी घेतलीस का?" "घेतले की!" फोन ठेवल्यावर मुलाला खात्री नसतेच. ही नसलेली खात्री तो विकत घेईल. आईला ॲपची गरज वाटत नाही आणि ती एक रुपयाही देणार नाही. वापरणारी एक आणि पैसे देणारा दुसरा, हे एकदा लक्षात आलं की ॲपची अर्धी रचना ठरून जाते.

या लेखात हेच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो. गोळ्यांची आठवण, बीपी-शुगरची नोंद आणि दूरच्या मुलाला त्याची खबर. कामापुरतं नाव 'गोळीवही'.

एक सावधगिरी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंडियाब' अभ्यासाने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला. हा आकडा घेऊन 'यातले एक टक्का जरी आले तरी' असं गणित मांडू नका. त्यापेक्षा तुमच्या ओळखीतली, आईवडील इथे आणि मुलं बाहेर अशी वीस घरं कागदावर लिहा. वीस नावं सुचली नाहीत तर कल्पना बदला.

पायरी १: कोड लिहिण्याआधी पैसे घ्या

ॲप नसतानाही ही सेवा चालवता येते. पाच-सहा कुटुंबं निवडा. रोज ठरल्या वेळी आईला तुम्ही स्वतः फोन किंवा व्हॉट्सॲप करा, उत्तर वहीत लिहा आणि रात्री मुलाला एका ओळीचा निरोप पाठवा. महिन्याला शंभर-दीडशे रुपये यूपीआयने मागा. फुकट दिलंत तर सगळे 'छान आहे' म्हणतील, आणि त्या 'छान'मधून काहीच शिकायला मिळत नाही. पैसे मागितल्यावर कोण गप्प बसतं, कोण 'सहा महिन्यांचे एकदम घे' म्हणतं, ते बघा.

या महिन्यात कागदावर सुचल्या नसत्या अशा गोष्टी समोर येतात. सकाळची गोळी 'आठ वाजता' नसते, नाश्त्यानंतर असते, आणि नाश्ता कधी नळाला पाणी येण्यावर अवलंबून असतो, कधी पूजा आटोपण्यावर. एकादशीला, श्रावणी सोमवारी, रोज्याच्या महिन्यात जेवणाच्या वेळाच बदलतात. त्या दिवसांत गोळी कधी घ्यायची हे ॲपने सुचवायचं नाही, ते काम डॉक्टरांचं. ॲपने फक्त 'वेळ बदला' हे बटण सहज सापडेल असं ठेवायचं.

पायरी २: रेघ कुठे मारायची

आरोग्य आणि उपचार यांच्यातली रेघ चुकली तर कायद्याच्या वेगळ्याच खात्यात जाऊन पडाल. १ एप्रिल २०२० पासून भारतात वैद्यकीय कारणासाठी बनवलेलं सॉफ्टवेअरसुद्धा वैद्यकीय उपकरण धरलं जातं आणि २०१७ चे मेडिकल डिव्हाइसेस रूल्स त्याला लागू होतात. आठवण देणं, नोंद ठेवणं, आलेख दाखवणं ही साधी वही झाली. 'तुमच्या आकड्यांवरून तुम्हाला अमुक आजार दिसतो' किंवा 'इन्सुलिनचे दोन युनिट वाढवा' म्हणालात की ते निदान आणि उपचार झाले. पहिल्या ॲपसाठी त्या वाटेला जाऊ नका. मग 'बीपी १८०च्या वर गेलं तर काय?' असा प्रश्न येतोच. तिथे ॲपने आकडा पुन्हा मोजायला सांगावं, कुटुंबाला कळवावं आणि कुटुंबाने आधीच भरून ठेवलेला डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात दाखवावा. त्यापुढे एक शब्दही नको.

चॅटबॉट घालायचा मोह आज प्रत्येकाला होतो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मने रुग्णाला सल्ला द्यायचा नाही आणि औषधही लिहायचं नाही. ते फक्त नोंदणीकृत डॉक्टरने करायचं, तंत्रज्ञानाने त्याला मदत करावी. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी किंवा शुगर सांगण्याचा दावा तर ॲपल सरळ नाकारतं.

जाहिरातीची भाषाही तपासा. १९५४ चा औषधे व चमत्कारी उपाय कायदा अजून जिवंत आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा हे सगळं आहे. 'शुगर मुळापासून घालवा' असं पोस्टर ऑटोच्या मागे दिसतं म्हणून तुम्हीही लावावं असं नाही.

पायरी ३: बांधकाम

ॲप लिहायला फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह, यातलं जे साधन येत असेल ते घ्या. सुरुवात अँड्रॉइडपासून, कारण आईच्या हातात तोच फोन असतो. मुलाकडे आयफोन असला तर त्याच्यासाठी पहिले काही महिने साधं वेबपान किंवा व्हॉट्सॲप निरोप पुरतो. नोंदी आधी फोनमध्येच साठवा, एसक्यूलाइट हा फोनमधला छोटा डेटाबेस पुरे, आणि नेट आलं की वर पाठवा. सर्व्हर निवडताना मुंबईचा प्रदेश (रीजन) निवडा, म्हणजे माहिती मुंबईतल्या यंत्रांवर राहील. फायरबेस, गुगल क्लाउड आणि एडब्ल्यूएस तिघांकडेही तो आहे.

खरी मेहनत गजरात आहे. गोळीची आठवण करून देणारं ॲप वेळेवर वाजलं नाही तर बाकी सगळं सजवून काय उपयोग? अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायला वेगळी परवानगी मागावी लागते. अँड्रॉइड १४ वर नव्याने बसवलेल्या बहुतेक ॲप्सना अचूक वेळेच्या गजराची परवानगी आपोआप मिळत नाही, वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये जाऊन ती द्यावी लागते. फोन बंद करून चालू केला की लावलेले गजर पुसले जातात, ते पुन्हा लावण्याचा कोड तुम्हीच लिहायचा. आणि शाओमी, ओप्पो, विवो या फोनांची बॅटरी वाचवण्याची व्यवस्था मागे चालणारी ॲप्स बेधडक बंद करते. तिथे ऑटोस्टार्ट चालू करून द्यावं लागतं आणि बॅटरीची अट काढावी लागते. हे आईला समजावून सांगणारं पान कितीही सुंदर बनवा, ती ते करणार नाही. मुलगा दिवाळीला घरी येतो तेव्हा तो करेल. म्हणून पहिली जोडणी मुलाच्या हातून होईल अशीच ठेवा, आणि शेवटी 'आत्ता गजर वाजवून बघा' हे बटण द्या. विकत घेतलेले दोन-तीन जुने स्वस्त फोन टेबलावर ठेवून आठवडाभर गजर तपासा. कॉम्प्युटरवरच्या इम्युलेटरवर, म्हणजे नकली फोनवर, सगळं व्यवस्थितच वाजतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. 'उत्तर आलं नाही' आणि 'गोळी घेतली नाही' या दोन वेगळ्या अवस्था आहेत, डेटाबेसमध्येही आणि पडद्यावरही. फोन चार्जिंगला आतल्या खोलीत असतो, नेट गेलेलं असतं, आई शेजारी हळदीकुंकवाला गेलेली असते. तुम्ही पुण्यात बसलेल्या मुलाला लाल अक्षरात 'गोळी चुकली' पाठवलंत तर तो मीटिंग सोडून शेजाऱ्यांना फोन लावतो. असं दोनदा झालं की तो ॲप काढून टाकतो. 'अजून नोंद नाही, शेवटचा संपर्क दुपारी १.१०' असं लिहिलं की तो स्वतः अंदाज बांधतो.

पडद्याबद्दल थोडकं. देवनागरीत ओळींची उंची कमी ठेवली की वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. डिझाइन इंग्रजी मजकुरावर करून मग मराठी ओतलं की हमखास हे होतं. बीपीच्या मशीनवर आकडे इंग्रजीत दिसतात, म्हणून नोंदीचे आकडे ॲपमध्येही तसेच ठेवा, बाकी मजकूर मराठी. वरचं बीपी १२ लिहिलं तर '१२० म्हणायचंय का?' असं विचारा. शुगर उपाशीपोटीची की जेवणानंतरची हे विचारल्याशिवाय नोंद घेऊच नका, नाहीतर आलेखाला अर्थ उरत नाही. आणि आवाज द्या. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे, पण शाळा मराठीत झालेले बरेच जण आपल्याकडे भेटतात. त्यांना वाचायला मराठी चालतं, पण गजर तेलुगूत बोलला की चेहरा खुलतो. यंत्राचा आवाज वापरण्यापेक्षा नातवंडाच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवायची सोय दिलीत तर ती सगळ्यांत आधी विकली जाते, असं माझं मत आहे.

आहाराच्या ॲपकडे वळणाऱ्यांसाठी एवढंच: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ अन्नपदार्थांचे तक्ते काढले, पण ते १०० ग्रॅमच्या हिशेबात आहेत आणि माणूस भाकरी मोजतो. मऊ भाकरी आणि कडक भाकरी एकाच पिठाच्या असल्या तरी कडक भाकरीतलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे १०० ग्रॅमला कॅलरी वेगळ्या पडतात. शेंगाचटणीचा 'एक चमचा' तर घरागणिक बदलतो. चार घरांतल्या भाकऱ्या काट्यावर तोलून सरासरी काढणं कंटाळवाणं आहे, पण परदेशी ॲपला हे जमणार नाही. तक्ते ॲपमध्ये वापरण्याआधी संस्थेची परवानगी विचारा. पावलं मोजणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो हे लक्षात ठेवून उन्हाळ्यात लक्ष्य आपोआप कमी करावं आणि दुपारी 'उठा, चाला' म्हणू नये.

पायरी ४: स्टोअरचं दार

गुगल प्लेवर नोंदणीचे २५ डॉलर एकदाच, ॲपलचे ९९ डॉलर दरवर्षी. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक गुगल खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी (फक्त निवडक लोकांना ॲप देऊन) करून घ्यावी लागते. पहिल्या पायरीतली कुटुंबं इथे कामाला येतात. वैद्यकीय प्रकारात मोडणारं ॲप असेल तर मात्र वैयक्तिक खातं चालत नाही, संस्थेचं खातं आणि त्यासाठी डी-यू-एन-एस हा संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक लागतो. तो फुकट मिळतो, पण वेळ लागतो, म्हणून कोड सुरू करतानाच अर्ज टाका. प्ले कन्सोल या गुगलच्या ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या पानावरचा आरोग्य ॲप्सचा जाहीरनामा खरा भरा. 'हे वैद्यकीय उपकरण नाही, निदान किंवा उपचार करत नाही' ही ओळ वर्णनात ठेवा. खातं काढून टाकण्याची सोय ॲपमध्येही हवी आणि वेबवरही.

घड्याळातली पावलं किंवा नाडीचे ठोके घ्यायचे असतील तर अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट आणि आयफोनवर हेल्थकिट. जुन्या गुगल फिटच्या मागे लागू नका, ती वाट बंद होत चालली आहे. हेल्थकिटमधली माहिती जाहिरातींसाठी वापरायला ॲपलची सक्त मनाई आहे.

पायरी ५: माहिती आईची आहे

मुलगा पैसे देतो म्हणून आईचं बीपी त्याच्या मालकीचं होत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती ज्याची माहिती आहे त्याची हवी. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. नवं ॲप बनवणाऱ्याने ती मुदत मोजत बसू नये. सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचता यायला हवी. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या सगळ्या त्यात आहेत, म्हणजे सोलापूरला लागणाऱ्या सगळ्याच.

व्यवहारात असं करा. आईच्या फोनवर तिच्या भाषेत तीनच वाक्यं: काय नोंदवतो, कोणाला दिसतं, बंद कसं करायचं. सुरुवातीला मुलाला फक्त 'घेतली / नोंद नाही' दिसावं. बीपी-शुगरचे आकडे आणि औषधांची नावं दाखवायची की नाही हे आई वेगळं ठरवेल. कोणत्या तारखेला कोणत्या मजकुराला संमती दिली याची नोंद ठेवा. १८ वर्षांखालच्यांसाठी ॲप असेल तर पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवता येत नाहीत.

आणि घरात कुणी गेलं तर त्या माणसाचे गजर कुटुंबाला तुम्हाला एकच फोन करून बंद करता आले पाहिजेत. ही सोय पहिल्याच आवृत्तीत हवी.

पायरी ६: पैसे

जाहिराती नकोत. थोड्या वापरणाऱ्यांवर त्यातून चहाचे पैसेही सुटत नाहीत, आणि आरोग्याची माहिती जाहिरात कंपन्यांपर्यंत पोचली की काय होतं ते अमेरिकेत दिसलं: बेटरहेल्प या मानसिक आरोग्याच्या सेवेला २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून ७८ लाख डॉलर मोजावे लागले. फेसबुकचं एसडीके (ॲपमध्ये घालायचा त्यांचा तयार कोड) 'फक्त इन्स्टॉल मोजायला' म्हणून घालतानाही दोनदा विचार करा.

वर्गणीचा हिशेब असा. महिन्याला ९९ रुपये ठेवलेत आणि जीएसटी लागू असला तर १८ टक्के वजा जाऊन मूळ रक्कम सुमारे ८४ रुपये. गुगलचं कमिशन वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलर कमाईवर १५ टक्के राहिलेलं आहे. ते कापल्यावर हातात साधारण ७१. हे दर बदलत असतात, कन्सोलमधला आजचा दर बघूनच किंमत ठरवा. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा २० लाख रुपये उलाढाल आहे, तरी ॲप स्टोअरमार्फत विक्रीचा मुद्दा तुमच्या सीएला एकदा विचाराच. मला विचाराल तर मासिकापेक्षा वर्षाची ७९९ ची वर्गणी पुढे ठेवा. मुलगा पगाराच्या दिवशी भावनेच्या भरात वर्षाचे पैसे भरतो, महिन्याचे मात्र तिसऱ्या महिन्यात तपासायला लागतो.

आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची पूर्वसूचना २४ तास आधी जाते. यूपीआय ऑटोपे वापरा आणि रद्द करण्याचं बटण लपवू नका. गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या डिझाइनविरुद्धच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न मार्गदर्शक तत्त्वांत वर्गणीचा सापळा हा प्रकार नाव घेऊन सांगितला आहे.

दुसरा गिऱ्हाईक म्हणजे दवाखाना. मधुमेहाचे किंवा हृदयविकाराचे डॉक्टर वर्षाची ठरावीक रक्कम देतात आणि आपल्या रुग्णांना ॲप सुरू करण्याचे कोड वाटतात. रुग्ण पुढच्या भेटीला येतो तेव्हा डॉक्टरांना महिन्याचा आलेख एका कागदावर हवा असतो, तेवढाच. त्यांना लॉगिन देऊ नका, ते उघडणार नाहीत. छापता येईल अशी एक पानाची पीडीएफ द्या. इथे 'तुम्ही रुग्ण पाठवा, प्रत्येकामागे तुम्हाला इतके' असा व्यवहार करू नका. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरांना मना आहे, आणि चांगला डॉक्टर हे ऐकून तुम्हाला दारातूनच परत पाठवेल.

आहारतज्ज्ञाचा समोरासमोर व्हिडिओ सल्ला विकायचा असेल तर ॲपलच्या नियमांत एकाने एकाला दिलेली अशी सेवा बाहेरच्या पेमेंटने विकता येते. तीच सेवा पन्नास जणांच्या वर्गासाठी केलीत की ॲपलचीच पेमेंट व्यवस्था लागते. त्यामुळे ग्रुप योगवर्ग आणि वैयक्तिक सल्ला यांची किंमत वेगवेगळी काढा.

एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना कामगारांसाठी ॲप विकता येईल का? येईल, पण सावकाश. मालकाला एकूण किती जण वापरतात एवढंच दिसावं, कोणाची शुगर किती ते कधीच नाही. हे करारात लिहायला जो नकार देतो त्याचे पैसे घेऊ नका. पूरक पावडरी आणि काढ्यांची कमिशनवाली विक्री सोपी वाटते, पण मुलगा तुमच्यावर विश्वास ठेवून पैसे देतोय आणि तुम्ही त्याच्या आईला डबे विकताय, हे फार दिवस लपत नाही.

पायरी ७: इथे विकायचं कसं

गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल टाकावा असं प्रत्येकाला वाटतं. गर्दी खरी, पण पाळण्यात बसायला आलेला माणूस ॲप डाउनलोड करत नाही. त्यापेक्षा सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ, पेठेतला जुना औषध दुकानदार आणि शुगर तपासणारी लॅब यांच्याशी ओळख वाढवा. दुकानदाराच्या काउंटरवर क्यूआर कोड ठेवताना त्यावर 'मुलाला पाठवा' असं लिहा, कारण पैसे तोच देणार आहे. दिवाळी आणि गणपतीत मुलं घरी येतात, त्या आठवड्यांत जोडण्या सर्वांत जास्त होतील. फोनवर मदत करायला त्या दिवसांत कुणीतरी बसलेलं हवं.

आकडे फार पाहू नका, दोन पुरेत. जोडणीनंतर ३० व्या दिवशी किती आया अजून नोंद करतात, आणि वर्ष संपल्यावर किती मुलं पुन्हा पैसे भरतात. पहिला आकडा पडला तर गजर आणि आवाज तपासा. दुसरा पडला तर सोडून गेलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करा. पहिल्या शंभर गिऱ्हाइकांपर्यंत हा फोन दुसऱ्या कुणाकडे सोपवू नका.